वाघ पाहण्याची किंमत, जंगलाचे मोल

चंद्रपूर शहराच्या आसपास जमिनीखाली कोळसा आहे आणि जमिनीवर वाघ. कोळशाची किंमत काढणे फारसे कठीण नाही. साठा किती टन, प्रत कोणती, बाजारात टनाला दर काय आणि तो वर काढायला खर्च किती, एवढे कळले की हिशेब एका कागदावर मावतो. २००९ मध्ये ताडोबाच्या सीमेजवळील लोहारा येथील प्रस्तावित खाणीवरून चंद्रपुरात मोठे आंदोलन झाले आणि अखेर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्या प्रकल्पाला परवानगी नाकारली. त्या वादात एका पारड्यात आकडा होता आणि दुसऱ्या पारड्यात भावना, असे चित्र उभे राहिले. वस्तुतः दुसऱ्या पारड्यातही आकडा ठेवता येतो. तो कसा काढावा, यावर अर्थशास्त्रज्ञ गेली पाऊणशे वर्षे डोके खपवीत आहेत. त्या आकड्याचा सर्वाधिक दृश्य भाग म्हणजे संरक्षित क्षेत्रांतील निसर्गपर्यटन.

हा केवळ अभ्यासकांच्या हौसेचा विषय नाही. वनजमीन अन्य कामासाठी वळवायची झाल्यास प्रकल्पकर्त्याला त्या जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये यासाठी अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती आणि पुढे २००८ मध्ये हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये असे दर ठरवून दिले. जमीन अभयारण्यातील असेल तर या दराच्या पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानातील असेल तर दहापट. २०२२ च्या जानेवारीत केंद्र सरकारने मूळ दर वाढवले. म्हणजे जंगलाला किंमत लावावी की लावू नये, हा वाद तात्त्विक पातळीवर कितीही रंगला तरी व्यवहारात किंमत लागते आहेच. ती कशाच्या आधारावर लागते, हे पाहणे महत्त्वाचे.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. एखाद्या अभयारण्याने वर्षभरात प्रवेश शुल्कापोटी अमुक कोटी रुपये मिळवले, अशी बातमी अधूनमधून येते आणि तेच त्या जंगलाच्या पर्यटनाचे मोल मानले जाते. प्रवेश शुल्क हा सरकारी निर्णय असतो. तो दहा रुपये ठेवला तर जमा कमी, हजार रुपये ठेवला तर जमा जास्त. जंगल मात्र तेच. प्रवेशद्वारावरच्या खिडकीत जमा होणारी रक्कम, पर्यटकांनी प्रवास, मुक्काम, जेवण, जिप्सी आणि मार्गदर्शक यांवर केलेला एकूण खर्च, आणि पर्यटकाला त्या भेटीतून खर्चाच्या वर मिळालेले समाधान या तीन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात या तिसऱ्या गोष्टीला ‘उपभोक्त्याचे संतोषाधिक्य’ म्हणतात. नाव बोजड असले तरी अनुभव रोजचा आहे. बाजारात आंब्याच्या पेटीला बाराशे रुपये द्यायची तयारी ठेवून गेलेल्या गृहस्थाला ती नऊशेला मिळाली, तर तीनशे रुपयांचे जे समाधान तो घरी नेतो, तेच हे आधिक्य. जंगलाचे पर्यटनमूल्य काढताना खरा शोध याचाच असतो, कारण जंगल नाहीसे झाले तर समाजाचे नेमके हेच बुडते. पेट्रोलवरचा आणि हॉटेलवरचा खर्च तर पर्यटक दुसरीकडेही करील.

अडचण अशी की आंब्याला बाजार आहे, जंगलाच्या दर्शनाला तसा बाजार नाही. यावर तोडगा सुचवला तो हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने उद्यानांचे आर्थिक मोल कसे मोजावे, असे तज्ज्ञांना विचारले होते. हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये विभागाच्या संचालकांना पत्र लिहून उत्तर दिले. उद्यानाभोवती वर्तुळे कल्पा, असे त्यांचे म्हणणे. प्रत्येक वर्तुळातून येणाऱ्याला येण्याजाण्याचा साधारण सारखाच खर्च येतो. हा प्रवासखर्च म्हणजेच प्रत्यक्षात मोजलेली किंमत. जसजसे दूर जावे तसतशी किंमत वाढते आणि येणाऱ्यांचे प्रमाण घटते. किंमत आणि मागणी यांचा संबंध असा हाती आला की पुढचे काम गणिताचे. विभागाने ती कल्पना तेव्हा उचलली नाही. पुढे मॅरियन क्लॉसन यांनी १९५९ मध्ये ती प्रत्यक्ष वापरून दाखवली आणि ‘प्रवासखर्च पद्धत’ या नावाने ती जगभर रूढ झाली.

काल्पनिक उदाहरणाने ही पद्धत चटकन ध्यानात येते. समजा, एका पाणपक्षी अभयारण्याला तीन जिल्ह्यांतून लोक येतात आणि तिन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या प्रत्येकी दहा लाख आहे. जवळच्या जिल्ह्यातून येण्यास माणशी ५०० रुपये पडतात आणि दर हजारी १० जण येतात. मधल्या जिल्ह्यातून १,००० रुपये पडतात, येणारे हजारी ६. दूरच्या जिल्ह्यातून १,५०० रुपये, येणारे हजारी २. एकूण पर्यटक झाले १८ हजार. खर्च ५०० रुपयांनी वाढला की हजारी ४ माणसे गळतात, हे यातून दिसते. त्याच हिशेबाने १,७५० रुपयांपाशी येणारा कोणीच उरत नाही. जवळच्या जिल्ह्यातल्या सर्वांत उत्सुक माणसाची जवळपास १,७५० रुपये मोजण्याची तयारी होती, त्याला मात्र ५०० च पडले. त्याच्या पाठोपाठच्याची तयारी थोडी कमी, असे करत शेवटच्या माणसाची तयारी नेमकी ५०० ची. या सर्वांच्या वाचलेल्या रकमांची बेरीज होते साडेबासष्ट लाख. मधल्या जिल्ह्याची साडेबावीस लाख आणि दूरच्या जिल्ह्याची अवघी अडीच लाख. एकूण साडेसत्याऐंशी लाख रुपये हे त्या अभयारण्याचे वर्षाचे संतोषाधिक्य. त्याच वेळी पर्यटकांचा प्रत्यक्ष खर्च भरतो १ कोटी ४० लाख. प्रवेश शुल्क २५ रुपये धरले तर खिडकीवर जमा होतात साडेचार लाख. एकाच जागेचे, एकाच वर्षाचे हे तीन आकडे. कोण कोणता आकडा पुढे करतो, यावरून बोलणाऱ्याचा हेतू ओळखता येतो.

हेच कोष्टक शुल्कवाढीचा परिणामही सांगते. याच अभयारण्याने प्रवेश शुल्कात ५०० रुपयांची भर घातली तर जवळच्या जिल्ह्यातून दहा हजारांऐवजी सहा हजार लोक येतील, मधल्यातून दोन हजार, दूरच्या जिल्ह्यातून एकही नाही. गर्दी निम्म्याहून कमी होऊनही वाढीव शुल्काचे ४० लाख जमा होतील. ताडोबासारख्या ठिकाणी, जिथे फेऱ्यांची आणि वाहनांची संख्या मर्यादितच ठेवावी लागते, तिथे हा हिशेब नुसता पुस्तकी राहत नाही. मात्र वाढलेल्या शुल्कामुळे जे येईनासे होतात ते बहुधा स्थानिक शाळांची मुले आणि मध्यमवर्गीय कुटुंबे असतात, ही बाब कोष्टकात दिसत नाही.

पद्धत सुबक असली तरी तिच्या वाटेत खाचखळगे पुष्कळ आहेत. पुण्याचे एखादे कुटुंब दिवाळीच्या सुटीत निघते, सेवाग्राम पाहते, वरोऱ्याला आनंदवनात एक दिवस राहते, दोन दिवस ताडोबात घालवते आणि परतते. या प्रवासखर्चातला किती भाग वाघाच्या खाती मांडायचा? सगळा मांडला तर मोल फुगते, मुळीच न मांडावा तर अन्याय होतो. परदेशी पर्यटकाच्या विमानभाड्याचे तर विचारूच नये. प्रवासात गेलेल्या वेळेची किंमत धरायची की नाही, धरली तर पगाराच्या किती हिश्श्याने, यावरही एकमत नाही. मोटारीत बसून खिडकीबाहेर पाहणे हाच ज्याच्या सुटीचा आनंद आहे, त्याच्या दृष्टीने तो वेळ खर्च नसून मिळकतच ठरते.

सर्वांत मोठी फजिती होते ती शहरालगतच्या जंगलांत. मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे त्याचे ठळक उदाहरण. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात बोरिवलीचा रहिवासी पहाटे चालत फेरफटक्याला जातो. त्याचा प्रवासखर्च जवळजवळ शून्य. जो बिबळ्याच्या या जंगलात कधी पाऊलही टाकत नाही, पण तुळशी आणि विहार तलाव, हिरवा डोंगर आणि पावसाळ्यातले धुके शहरात असावे असे ज्याला मनापासून वाटते, तो तर या पद्धतीच्या हिशेबात येतच नाही. कान्हेरीची लेणी पाहायला येणाऱ्याला कोणत्या रकान्यात टाकावे, हा प्रश्न आणखी निराळा.

अशा वेळी दुसरा मार्ग उरतो तो लोकांना थेट विचारण्याचा. हे जंगल टिकवण्यासाठी तुमचे कुटुंब महिन्याला किती रुपये देईल? बोरिवलीच्या उद्यानाविषयी मुंबईकरांना असेच विचारण्यात आले. त्या पाहणीचे निष्कर्ष १९९७ मध्ये ‘इकॉलॉजिकल इकॉनॉमिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दर कुटुंबामागे महिना साडेसात रुपये, पाच वर्षांपर्यंत, असे उत्तर आले. ही रक्कम ऐकून कोणालाही हसू येईल. पण सगळ्या शहराचा गुणाकार आणि पाच वर्षांचा हिशेब करून तिचे वर्तमान मूल्य काढल्यावर ते १०३ कोटी रुपयांहून थोडे अधिक भरले. त्या वेळी उद्यानाचा वार्षिक खर्च चालत होता १ कोटी ७० लाख रुपयांत. सामान्य मुंबईकर ज्याला तोंडी का होईना, शंभर कोटींचे मोल देत होता, ते उद्यान कसे चालवले जात होते हे या दोन आकड्यांतून उघड झाले.

‘तोंडी का होईना’ या शब्दांतच या पद्धतीवरचा आक्षेप आहे. खिशात हात घालायचा नसतो तेव्हा माणूस उदार होतो. तर कधी प्रश्नकर्त्यावर विश्वास नसतो म्हणून तो हटकून शून्य सांगतो. सरकारने कर घेतला आहे, आता आणखी कशाला, असा त्याचा रोख असतो. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ जहाजातून तेल सांडले. त्यानंतर न पाहिलेल्या समुद्राचे मोल असे विचारून ठरवता येते का, यावर अमेरिकेत मोठा खल झाला. केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या नोबेल मानकऱ्यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने १९९३ मध्ये ही पद्धत काही कडक अटींवर ग्राह्य मानली. ‘किती द्याल’ असे मोकळे विचारण्यापेक्षा अमुक रक्कम भरावी लागेल, त्याला तुमचे मत होय की नाही, असे मतदानासारखे विचारावे, ही त्यांतली एक प्रमुख अट. चांगल्या पाहण्या आजही ती पाळतात.

राजकारण्यांना आणि प्रशासनाला मात्र संतोषाधिक्यापेक्षा रोजगाराचा आकडा अधिक भावतो. अमेरिकेचा राष्ट्रीय उद्यान विभाग दर वर्षी असा अहवाल काढतो. २०२३ मध्ये तेथील उद्यानांना ३२ कोटी ५५ लाख भेटी झाल्या, पर्यटकांनी परिसरातील गावांत २,६४० कोटी डॉलर खर्च केले आणि त्यातून ४ लाख १५ हजार रोजगारांना आधार मिळाला, असा त्याचा हिशेब आहे. यात ‘गुणक’ नावाची एक कल्पना वापरतात. पर्यटकाने हॉटेलमालकाला दिलेले शंभर रुपये तेथेच थांबत नाहीत. त्यातले काही भाजीवाल्याकडे, काही धोब्याकडे, तिथून किराणा दुकानात जातात. एकाच नोटेने गावात जितके हात बदलावेत तितका गुणक मोठा.

गुणकाची ही साखळी आपल्याकडे फार लवकर तुटते. मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वाराजवळच्या एखाद्या आलिशान रिसॉर्टचा मालक महानगरातला, व्यवस्थापक परप्रांतातला, किराणा नागपूरहून येणारा आणि आरक्षणाचे कमिशन एखाद्या संकेतस्थळाकडे जाणारे असेल, तर पर्यटकाने मोजलेल्या दहा हजारांतले गावात राहतात किती? अर्थशास्त्रात याला ‘गळती’ म्हणतात आणि निसर्गपर्यटनाच्या हिशेबात तीच बहुधा सर्वांत मोठी बाब असते. कृती करंथ आणि रूथ डीफ्रीस यांनी भारतातील दहा संरक्षित क्षेत्रांचा अभ्यास करून २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हेच दाखवले. पर्यटकांची संख्या वर्षाला सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी वाढत होती, आलेल्यांत भारतीयच बहुसंख्य होते. परंतु दहा किलोमीटरच्या परिघात राहणाऱ्या लोकसंख्येपैकी पर्यटन व्यवसायात नोकरी मिळालेल्यांचे प्रमाण नगण्य होते.

ताडोबात स्थिती काही अंशी बदलली ती बफर क्षेत्रामुळे. १९५५ मध्ये जाहीर झालेले ताडोबा हे राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. अंधारी अभयारण्य त्याला जोडून व्याघ्र प्रकल्प झाला आणि ६२५ चौरस किलोमीटरच्या गाभा क्षेत्राभोवती २०१० मध्ये सुमारे १,१०० चौरस किलोमीटरचे बफर अधिसूचित झाले. आगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर, अलिझंझा अशी बफरमधली प्रवेशद्वारे सुरू झाली. तेथे मार्गदर्शक म्हणून गावचीच मुले-मुली उभी राहिली, जिप्सी गावकऱ्यांच्या मालकीच्या आल्या. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठाने स्थापन करता आली आणि शुल्काचे उत्पन्न सरकारी तिजोरीत न जाता त्याच जंगलावर व भोवतालच्या गावांवर खर्च करण्याची सोय झाली. म्हणूनच एकच पर्यटक, एकच वाघ आणि तेवढाच खर्च असूनही रिसॉर्टमधल्या पाहुण्याचे आणि गावातल्या घरगुती निवासात उतरलेल्या पाहुण्याचे स्थानिक मोल वेगवेगळे ठरते.

रणथंभोरची मछली वाघीण २०१६ मध्ये वारली. तिने राजस्थानला वर्षाला एक कोटी डॉलर मिळवून दिले, असा अंदाज तिच्या हयातीपासून वारंवार छापला गेला. मछली नसती तर ते पर्यटक रणथंभोरला आलेच नसते का? त्यांनी दुसऱ्या वाघिणीची छायाचित्रे काढली नसती का? एखाद्या गोष्टीचे मोल काढायचे तर ती नसतानाच्या स्थितीशी तुलना करावी लागते. ही साधी अट पाळली नाही की सरकारी जाहिरातीला शोभणारे आकडे तयार होतात. चंद्रपूरचा रहिवासी रविवारी ताडोबाला गेला नसता तर ते पैसे त्याने शहरातच कुठेतरी खर्च केले असते. जिल्ह्याच्या दृष्टीने ही नवी भर नव्हे.

जमेच्या या सगळ्या रकान्यांसमोर खर्चाचा रकाना असतो. तो मात्र बहुतेक अहवालांत रिकामाच असतो. ताडोबाच्या भोवताली मोहफुले वेचायला गेलेली बाई, गुराखी, पहाटे शेतात गेलेला शेतकरी वाघाच्या हल्ल्यात दगावतो. गुरे जातात, रानडुकरे धान लोळवतात. मृत्यू झाल्यास द्यायची मदत राज्य सरकारने २०२३ मध्ये २५ लाख रुपयांपर्यंत वाढवली. मुंबई-पुण्याच्या पर्यटकाचे संतोषाधिक्य आणि सिंदेवाही तालुक्यातल्या विधवेची मदत एका वजाबाकीत मांडता येते का? मांडता येते, आणि एकूण उत्तर धनही येईल. पण धन आणि ऋण वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला येतात. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवले, तेव्हा हाच प्रश्न ऐरणीवर आला होता. ऑक्टोबरात राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाली आणि बंदी उठली. पर्यटन व्यवसायाकडून स्थानिकांसाठी संवर्धन शुल्क घ्यावे, हे त्या तत्त्वांत आहे.

शिवाय पर्यटन हा जंगलाच्या मोलाचा एक तुकडाच. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने २०१५ मध्ये सहा व्याघ्र प्रकल्पांचे मूल्यांकन केले. मधू वर्मा यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासात वार्षिक लाभ रणथंभोरसाठी ८३० कोटी आणि पेरियारसाठी १,७६० कोटी निघाले. कॉर्बेटच्या १,४७० कोटींपैकी १,०६५ कोटी एकट्या जनुकसंपदेच्या रक्षणाचे होते, १६१ कोटी उत्तर प्रदेशच्या जिल्ह्यांना मिळणाऱ्या पाण्याचे. पेरियारच्या जंगलातून तामिळनाडूला जाणाऱ्या पाण्याचे मोल ४०५ कोटी. दिल्लीहून जिम कॉर्बेटला गर्दी करणाऱ्या पर्यटकांचा आनंद या आकड्यांपुढे किरकोळ ठरतो. २०१९ मध्ये याच संस्थेने मेळघाटासह आणखी दहा प्रकल्प अभ्यासले, तेव्हा लाभ हजारो कोटींच्या घरात गेले. मोजणीची व्याप्ती आणि गृहीतके बदलली की उत्तर किती पटींनी बदलते, याचा तो नमुनाच होय. त्यामुळे अशा अहवालातील शेवटची बेरीज वाचण्यापेक्षा तिच्यातले घटक वाचावेत.

मेळघाटात पर्यटक ताडोबाच्या मानाने थोडे. वाघ तितका सहज दिसत नाही. पर्यटनाचा हिशेब हीच कसोटी मानली तर सिपना, गडगा, डोलार या नद्यांना पाणी देणारे ते डोंगर खालच्या क्रमांकावर जातील. जागतिक पातळीवरही हाच कल दिसतो. अँड्र्यू बामफर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये केलेल्या अंदाजानुसार जगातील संरक्षित क्षेत्रांना वर्षाला सुमारे ८ अब्ज भेटी होतात आणि त्यातून ६०० अब्ज डॉलरचा थेट खर्च होतो, संतोषाधिक्य असते २५० अब्ज डॉलर. या क्षेत्रांच्या रक्षणावर जग वर्षाला १० अब्ज डॉलरही खर्च करीत नव्हते. पण या भेटींपैकी सुमारे ८० टक्के युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या. जैवविविधता जिथे सर्वाधिक आहे ती उष्ण कटिबंधातली जंगले या यादीत मागे.

२०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे ताडोबाची सर्व प्रवेशद्वारे बंद झाली. जिप्सी झाकून ठेवल्या गेल्या, मार्गदर्शक रोजगार हमीच्या कामावर किंवा शेतात परतले, कर्ज काढून वाहन घेतलेल्यांचे हप्ते थकले. प्रवासखर्चाच्या पद्धतीने त्या महिन्यांचे मोल शून्य निघते. जंगलातल्या ओढ्यांचे पाणी मात्र त्या पावसाळ्यातही इरई धरणात येतच होते, आणि त्या धरणाच्या पाण्यावर चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र चालते.